उघडं फाटक

कॅनबरा,
४ जून १९९३

प्रिय एम्लिनकाका,

साष्टांग नमस्कार. हे रीत म्हणून लिहीत नाही, मी खरोखरच स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी पडून लिहितेय. फक्त पालथी नाही, उताणी आहे, आणि उजव्या गुडघ्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी आहे. मटार ड्रागाचे. ड्रागा म्हणजे आमच्या संघाची गोलकीपर, माझ्याबरोबर राहते; ईस्टरला मी तिला घरी घेऊन आले होते आणि तिचे पंजे पाहून तुम्ही म्हणाला होतात, "ही पोरगी खाणीत हवी होती." तिचा नियम असा की गुडघ्यावरून उतरलेले मटार त्याच संध्याकाळी खाऊन टाकायचे. त्यामुळे आठवडाभर आम्ही रोज मटारच खातोय. गुडघा काही सुधारत नाही, पण पोट साफ आहे.

फोनच केला असता. पण मागच्या वेळी तुम्ही मला विमा विकणारी समजलात आणि "आमच्या घरात कोणी मरायचं ठरवलेलं नाही" असं ठणकावून फोन आपटलात. पत्र बरं. पत्राला कान लागत नाहीत.

इकडे थंडी मरणाची आहे. सकाळी सरावाला जावं तर मैदान पांढरंफटक. देशाच्या संघाचे नवे शर्ट आले. नवे म्हणजे पुरुषांच्या संघाने टाकून दिलेले. माझ्या शर्टात मी आणि ड्रागा दोघी मावतो, आम्ही करून पाहिलं. छातीवरचं चिन्ह आपलं आपण शिवायचं. माझं तिरपं बसलंय, त्यामुळे इमू पडायला आलाय आणि कांगारू त्याला हसतोय. दिवसभर रोपवाटिकेत शेणखताची पोती उचलते आणि संध्याकाळी पुन्हा सराव. सरावात माझ्याजवळ कोणी फिरकत नाही. कोचला वाटतं माझा दरारा आहे. खरं कारण शेणखत.

जपानच्या मुलींचा संघ ऑगस्टमध्ये येतोय. तीन मॅच, त्यातली शेवटची आपल्या न्यूकॅसलला. आमची कॅप्टन ज्यूड हिचा घोटा मोडला, तेव्हा कोच डेस्मंड मला म्हणाला, "रेलीन, तू हो कॅप्टन." मी इतकी हसले की त्याला वाटलं मला ठसका लागला. महिनाअखेरपर्यंत सांग म्हणालाय. नाहीच म्हणणार, दुसरं काय? आणि एकदा नाही म्हटलं की ही मालिका संपवून बूट खुंटीला. एकतीस वर्षांची डिफेंडर म्हणजे तसंही खोलीतलं जुनं कपाट. आडवं येतं म्हणून उपयोगी, एवढंच.

काकूचा केक पोहोचला. निम्मा ड्रागाने खाल्ला, उरलेला आमच्या भांडणात पडला.

तुमची,
रेलीन

*

मॉर्वेन फ्लॅट,
११ जून १९९३

चि. उघड्या फाटकाला (म्हणजे तुलाच, गावात तुला रेलीन म्हणून ओळखतं कोण?) एम्लिनकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतका हसलो की बेरिलला वाटलं मला झटका आला. पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावर उपडा करून झाल्यावर तिने विचारलं काय झालं.

कॅप्टनपणाला नाही म्हणतेस, फार उत्तम. कॅप्टनला भाषण करावं लागतं. आपल्या घराण्यातलं शेवटचं भाषण तुझ्या बापाने माझ्या लग्नात केलं, त्यानंतर बेरिलच्या माहेरचे दोन वर्षं आमच्याशी बोलत नव्हते. शिवाय नाणेफेक असते. मी जन्मात एकदाच कॅप्टन झालो होतो. नाणं उडवलं आणि ते मला झेलता आलं नाही. गोलकीपरला स्वतःचं नाणं झेलता आलं नाही यावर लोक अजून बोलतात. तसे माझ्या काळात माझ्यापेक्षा जाळीनेच जास्त चेंडू अडवले म्हणा. तेव्हा तू आपली नाही म्हण, बूट खुंटीला लाव आणि इकडे ये. कँटीनमध्ये मध्यंतराची संत्री कापायला बेरिलला माणूस हवंच आहे. आपल्या ब्लुईला ते काम दिलं होतं, पण तो कापतो कमी आणि खातो जास्त.

मैदानाच्या टोकाचं, खाणीच्या रुळांवरचं फाटक तुला आठवत असेलच. अजून तसंच आहे. एका बिजागरीवर लोंबकळतंय, सताड उघडं. कोळशाची गाडी आली की ड्रायव्हर शिट्टी मारतो, पुढे ज्याचं त्याने बघून घ्यायचं. आता म्हणे रेल्वेवाले तिथे नवं बसवणार. मी सभेत उभा राहून कडाडून विरोध केला. लोक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, म्हणजे मीच जिंकलो असणार.

तुझा,
एम्लिनकाका

ता. क. — हे मी लिहितेय, बेरिलकाकू. म्हातारा तिकीट शोधायला उठलाय. पोरी, तुझ्या पत्रात मटारांवर अर्धं पान आहे आणि कॅप्टनपणावर जेमतेम चार ओळी. लहानपणी तुझी दाढ दुखायची तेव्हा तू आमच्या मांजराबद्दल बडबड करायचीस. ह्याला सगळी थट्टा वाटली. मला नाही वाटली. खरं काय ते लिही. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी लिही.

*

कॅनबरा,
२२ जून १९९३

प्रिय काका आणि काकू,

उत्तराला उशीर झाला. लिहायची आणि फाडायची, असं चाललं होतं. काकू, तू बरोबर पकडलंस. आता मटारांबद्दल अवाक्षर काढणार नाही. (सध्या मका चालू आहे.)

गेल्या शनिवारी सरावाची मॅच झाल्यावर आम्ही बायका कपडे बदलत होतो. डेस्मंड दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "पोरींनो, रेलीन काही बोलत नाही. तुम्हाला कॅप्टन कोण हवी?" तर आमची स्ट्रायकर कर्स्टी, वय वर्षं एकोणीस, बाकावर बूट आपटत म्हणाली, "फाटक!" मग सगळ्याच सुरू झाल्या. फाटक, फाटक, उघडं फाटक! हसतायत, बाक बडवतायत. ईस्टरला तुमच्याकडून ते नाव उचलून ड्रागाने इथे आणलं, तेव्हापासून संघातही माझं बारसं झालंय. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. मग उठून अंघोळीला गेले. शॉवरखाली उभी राहिल्यावर लक्षात आलं की बूट पायातच आहेत.

काका, तुम्हाला थट्टा वाटली यात तुमचा काही दोष नाही. मी बोलतेच तशी. पण एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे सुटले.

मोठ्या बायकांच्या संघातून मी पहिल्यांदा खेळले तो दिवस आठवतो? मी पंधरा वर्षांची होते. त्या दिवशी मी आपल्याच जाळ्यात गोल मारला. नुसता मारला नाही, वरच्या कोपऱ्यात असा बसवला की त्यांच्या स्ट्रायकरने येऊन माझ्याशी हस्तांदोलन केलं. आपण हरलो. नंतर क्लबात चहा होता. मी सँडविचच्या टेबलामागे लपले होते. आणि तुम्ही खुर्चीवर चढून, माझ्याकडे बोट दाखवून ओरडलात, "हे बघा आमचं उघडं फाटक!" सगळा क्लब हसला. मीसुद्धा हसले. कारण बरोबरच होतं ना. कोणीही यावं आणि आरपार जावं, असं एकच ठिकाण गावात होतं, आता दोन झाली.

त्या दिवसापासून मी ठरवलं की आपणच आधी हसायचं. म्हणजे दुसरा हसेल तेव्हा तो मागे राहिलेला असतो. देशासाठी इतकी वर्षं खेळले, पण शिट्टी वाजली की अजून पहिला विचार हाच येतो की आज तरी फाटक बंद राहू दे. मला ते नाव लागलं होतं, काका. अजून लागतं. आणि आता त्या पोरी मला पुढे उभं करून तेच म्हणतायत. सगळी दुनिया आत सोडणाऱ्या बाईच्या दंडावर कॅप्टनचा पट्टा बांधायचा? पुढच्या बुधवारी डेस्मंडला जाऊन सांगते की दुसरी कोणी बघ.

झालं लिहून. आता तुम्ही रागावू नका. राग आला तर संत्री कापा.

तुमची,
रेलीन

*

मॉर्वेन फ्लॅट,
२४ जून १९९३
(ब्लुईच्या गाडीने न्यूकॅसलला पाठवून तिथल्या मोठ्या पोस्टात टाकतोय. बुधवारच्या आत पोहोचलं नाही तर टपालखात्याचं काही खरं नाही.)

अगं गाढवे!

बाकी मजकूर शांतपणे लिहितो. बेरिल म्हणते शांतपणे लिही.

तुझ्या चुलतभावाचं, माझ्या मुलाचं, नाव ब्लुई का पडलं? तो निळा आहे का? त्याचे केस गाजराला लाजवतील असे लालभडक आहेत म्हणून तो ब्लुई! लालकेशाला निळा म्हणायचं, हे या देशात शेंबड्या पोरालाही कळतं. कँटीनच्या दारातून आत यायला ज्याला आडवं व्हावं लागतं त्या हार्ग्रीव्हला आपण काय म्हणतो? टायनी. चिमुकला! वर्षातून दोनदा तोंड उघडणाऱ्या त्या खाटकाला काय म्हणतो? बडबड्या. मला काय म्हणायचे ठाऊक आहे ना? चिकट्या. हाताला एक चेंडू चिकटला नाही म्हणून! त्या हार्ग्रीव्हला कधी कोणी लठ्ठ्या म्हटलं असतं तर त्याने समजावं की आता आपलं कोणाशी पटत नाही.

मग तू कोण, गाढवे? जिला ओलांडून कोणी जाऊ शकत नाही ती तू. मग तुला काय म्हणणार? भिंत? अशी नावं परक्यांना देतात.

आता नीट वाच. मी ते पहिल्यांदा ओरडलो ते पहिल्या अर्ध्यात. तुझा गोल झाला दुसऱ्या अर्ध्यात. शेजारच्या करी गावच्या संघाची ती ताडमाड स्ट्रायकर पळत यायची आणि तुझ्यावर आपटून परत जायची. परत यायची, परत आपटायची. तेव्हा मी त्यांच्या बाकाकडे तोंड करून ओरडलो, "अहो या ना, संकोच कसला, फाटक उघडंच आहे!" मॅच बघत बसलेला मैदानाकडेचा आख्खा बांध हसला. तुला नाही हसला, तिला हसला. वारा उलटा होता, तुला ऐकू गेलं नसेल. आणि बहिरा म्हणून नाव माझं!

चहाच्या वेळी तू त्या सँडविचमागे तोंड लपवून बसलीस. मला वाटलं, पोरीला सगळ्यांसमोर शाबास म्हटलं तर रडेल. म्हणून खुर्चीवर चढून नाव पुकारलं. ते तुझं कौतुक होतं, बाई. आपल्याकडे कौतुक दुसरं कसं करतात? माझ्या बापाने मला आयुष्यात एकदाच शाबासकी दिली, ती अशी की "आज काही अगदीच वाईट नव्हतास." ती मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

दुसऱ्या कुठल्या देशातली असतीस तर मी समजू शकलो असतो. पण हंटर खोऱ्यात जन्मलेली, माझ्या अंगणात वाढलेली पोरगी टोपणनाव सरळ वाचते? हे मी कोणाला सांगू?

कॅप्टनपणाला नाही म्हणायचं तर खुशाल म्हण. गुडघा दुखतो म्हणून म्हण, थकलीस म्हणून म्हण, डेस्मंडचं थोबाड आवडत नाही म्हणून म्हण. फक्त माझ्या तोंडच्या त्या शब्दापायी नको म्हणू. ते मला सोसवणार नाही.

तुझा,
एम्लिनकाका

ता. क. — बेरिल. तुझं पत्र आल्यापासून म्हातारा मागच्या पायरीवर बसून आहे. जेवला नाही. मी मटण ठेवलं तरी जेवला नाही, म्हणजे बघ. मघाशी मला म्हणाला, "बेरिल, सोळा वर्षं मी पोरीला लाडाने हाक मारतोय आणि तिला ती शिवी ऐकू येतेय." लवकर काहीतरी लिही. लांबलचक नको, त्याला चष्मा सापडत नाहीये.

*

कॅनबरा,
३० जून १९९३

प्रिय काका,

जेवा. हो म्हटलं.

पत्र बुधवारी सकाळी आलं. टपालखात्याची अब्रू वाचली. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग ड्रागाला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग तिच्या आजीच्या भाषेत मला काहीतरी म्हणाली, ज्याचा अर्थ ती सांगत नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुला इतके दिवस वाटत होतं की मी रोज सकाळी तुला शिव्या घालून उठवते?" खरं सांगायचं तर हो.

कर्स्टीला विचारलं, "त्या दिवशी हसत का होतीस?" ती म्हणाली, "तुझं तोंड बघून. हेडबाईंनी बोलावल्यासारखी बसली होतीस. आम्ही तुला मत देत होतो, रेलीन. मत देताना रडायचं असतं का?"

डेस्मंड दुपारी रोपवाटिकेत गवताचं बी घ्यायला आला होता. मी पोत्यामागून डोकं वर काढून सांगितलं की करते. तो दचकला. म्हणाला, मी फक्त बी घ्यायला आलो होतो. मग म्हणाला, बरं झालं. तेवढ्यात पोतं फुटलं आणि त्याच्या बुटांवर सगळं सांडलं. देशाच्या कॅप्टनची नेमणूक अशी झाली.

काका, माझ्याच डोक्यात ब्लुई कसा आला नाही? लहानपणी त्याच्या डोक्यावर अंडी फोडली तेव्हाही मी त्याला ब्लुईच म्हणत होते. स्वतःच्या बाबतीत माणूस किती मठ्ठ असतो, हे आता मला पुराव्यासह माहीत झालंय.

न्यूकॅसलला या. पण गोलमागे उभे राहू नका आणि ओरडू नका. मी आता कॅप्टन आहे, माझी काही शान आहे.

रेलीन

*

कॅनबरा,
१६ ऑगस्ट १९९३

प्रिय काका आणि काकू,

सोबत पेपरचं कात्रण आहे. काका, ते बसून वाचा आणि काकू, तू दार अडवून उभी राहा.

त्यात काय छापलंय ते मीच आधी सांगते. "यजमान संघाने निसटता विजय मिळवला, परंतु स्थानिक प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधार महिलेची शेवटपर्यंत टर उडवली, ही लाजिरवाणी बाब होय." बहुतेक सिडनीहून आलेला कोणी असावा. त्याच्या गावात लाल केसांच्या माणसाला काय म्हणतात कोण जाणे.

मॅचनंतर गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. आधीच्या दोन मॅचचं तुम्हाला ठाऊक आहेच; एक हरलो, एक बरोबरीत. न्यूकॅसलला मी नाणं उडवलं आणि झेललं. तुम्हाला मुद्दाम कळवते. मात्र कॅप्टनचा पट्टा पुरुषांचा, तो दंडावरून सारखा मनगटावर यायचा, त्यामुळे पहिला अर्धा भाग मी बांगडी सावरत खेळले. मध्यंतराला भाषण करायचं होतं. मी म्हटलं, "पोरींनो..." आणि पुढचं सुचलं नाही. तेवढ्यात काकूची संत्री आली. सगळ्यांनी खाल्ली. तेच भाषण झालं.

कर्स्टीने गोल मारला. मग शेवटी ते घडलं. जपानची ती चणीने लहान, चपळ मुलगी, जिने मला दिवसभर भोवऱ्यासारखं फिरवलं होतं, ती एकटीच सुटली. ड्रागा पुढे आली होती, जाळं मोकळं होतं, आणि मध्ये फक्त मी. गुडघा म्हणाला नको. मी घसरले, पाय लांब केला, आणि चेंडू माझ्या बुटाच्या टोकाला लागून कुंपणाबाहेर गेला. मी चिखलात पालथी पडले. साष्टांग. या वेळी रीतीप्रमाणे.

तेव्हा गोलमागून आवाज आला. काका, तुम्हाला तुमच्या आवाजाचं माप उरलेलं नाही. कोळशाच्या गाडीने बाजूला व्हावं असा तो आवाज होता. "उघडं फाटक!" आणि लगेच खोऱ्यातून आलेल्या बसगाड्यांमधली सगळी मंडळी, टायनी, ब्लुई, तो खाटीक बडबड्यासुद्धा, उठून उभी राहिली. या ना, संकोच कसला! फाटक उघडंच आहे! जपानी मुली आम्हाला विचारत होत्या, काय झालं, काय झालं? आणि मैदानाचा रखवालदार बिचारा धावत जाऊन मागचं खरंखुरं फाटक लावून आला.

मी चिखलात तोंड खुपसून पडून होते. ड्रागाने उचलून विचारलं, "गुडघा?" मी म्हटलं, हो. गुडघा नव्हता. मी रडत होते. पंधराव्या वर्षी त्या सँडविचमागे जे ऐकायला हवं होतं ते मला आता ऐकू आलं, आणि सगळंच्या सगळं एकदम आलं. खूप आनंद झाला, काका. याहून बरं वाक्य मला जुळवता येत नाही.

बूट खुंटीवर टांगायला गेले तर खुंटीच निघून आली. भाड्याचं घर. तेव्हा आणखी एक हंगाम खेळावं म्हणते.

तुमची,
उघडं फाटक

*

मॉर्वेन फ्लॅट,
२७ ऑगस्ट १९९३

चि. रेलीनला अनेक आशीर्वाद.

या वेळी वर रेलीन का लिहिलं ते शेवटी कळेल.

कात्रण वाचलं. त्या पेपरवाल्याला मी खरमरीत उत्तर लिहिलं होतं, पण बेरिलने ते चुलीत घातलं. म्हणाली, मूर्खाला मूर्ख म्हटलं तर त्याला वाटेल आपण त्याचं कौतुक करतोय. बोलण्यात तिला कोण जिंकणार?

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी ओरडलो खरा, पण मला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. लोकांचाही आला नाही. तू ओरडू नका म्हणून बजावलं होतंस, तेव्हा मला क्षणभर वाटलं, मी एकटाच ओरडलो आणि पोरीची शान घालवली.  पण माझे हात कुंपणाच्या पत्र्यावर होते. तो पत्रा असा थरथरायला लागला की मला वाटलं गाडी आली. वळून बघितलं तर सगळा बांध उभा राहून नाचत होता. मी हात काढलाच नाही. खाणीतून सुटल्यापासून इतकं मोठं काही मला ऐकू आलं नव्हतं. बेरिल म्हणते माझ्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं वारा होता. ती म्हणते वारा नव्हता.

खेळून झालं नाही म्हणतेस, ते चांगलं. संत्री ब्लुई कापतोय. गेल्या शनिवारी पोरींना सालं तरी मिळाली.

आता वाईट बातमी. सभेत मी हरलो होतो, हे मला परवा कळलं. रेल्वेवाले आले आणि त्यांनी आपलं जुनं फाटक उखडून नवंकोरं बसवलं. लोखंडी, लाल-पांढरं, दोन्ही बाजूंना दांडे. काय वैताग आहे म्हणून सांगू! गाडी पलीकडच्या टेकडीला असते तेव्हाच ते धाडकन बंद होतं आणि गाडी जाऊन चहा थंड झाला तरी उघडायचं नाव घेत नाही. खालून जाता येत नाही, वरून जाता येत नाही. टायनीने बाजूने घुसायचा प्रयत्न केला, त्याला तिघांनी ओढून काढला. पाववाल्याची गाडी रोज अडकते. मी तर अख्खी सकाळ डोक्याला हात लावून बसलो होतो की आता तुझ्या नावाचं काय होणार? गावात उघडं फाटकच राहिलं नाही तर नव्या पोरांना ते कळणार कसं?

पण गावाने मला न विचारता त्याचा निकाल लावला. तुला ठाऊक आहे, आपल्याकडची माणसं एखाद्या गोष्टीला सरळ नावाने हाक मारायची नाहीत. पण या वेळी कोणाला उलटं बोलावंसं वाटलंच नाही. काल कँटीनमध्ये पाव उशिरा आला. बेरिल कंबरेवर हात ठेवून पाववाल्याला म्हणाली, "एवढा वेळ कुठे होतास?"

तो घाम पुसत म्हणाला, "काय करू काकू, रेलीन आडवी आली."

तुझा,
एम्लिनकाका